रंभेचं बाटिक

रंभेनं एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं! रिटाच्या लग्नात आपण असा मॅक्सी घालायचा, की नवरी बघायला जमलेल्या लोकांनी चुकून आपल्याकडेच बघत बसावं. रिटा तिची बालमैत्रीण होती, एका आंब्याखाली दोघी वाढल्या होत्या. पण मैत्री वेगळी आणि मॅक्सी वेगळा!

साल होतं सत्त्याहत्तर. मॅक्सीचं वारं मुंबईहून निघून वसईजवळच्या निर्मळ गावापर्यंत पोचायला जरा वेळ लागला होता, पण पोचलं ते थेट रंभेच्या बापाच्या, हिरामणच्या घरात शिरलं. हिरामणची वाडी केळीची. घराच्या पायरीपासून केळी सुरू व्हायच्या त्या पार बांधापर्यंत, मध्ये थोडा मोगरा आणि अबोली. इतकी हिरवीगार जागा, की पाहुणे येऊन "वा!" म्हणायचे. रंभा मात्र एकोणीस वर्षं तेच हिरवं बघत होती. तिचा जीव रमायचा कापडाच्या दुकानात.

वसईच्या बाजारातल्या शेठना हे चांगलं ठाऊक होतं. रंभा पायरी चढताना दिसली की ते चहा मागवायचे. चहा यायचा, तेवढ्यात रंभा म्हणायची, "ते वरचं गुलाबी दाखवा." शेठ शिडीवर चढायचे. खाली येईतो तिचा डोळा कोपऱ्यातल्या निळ्यावर गेलेला असायचा. एकेक थान ती खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहायची आणि तिथून निघूनच जायची! म्हणजे उभी दुकानातच, पण गुलाबी खांद्यावर आलं की ती महाबळेश्वरला घोड्यावर आणि निळं आलं की कुठल्याशा बोटीच्या कठड्याशी. शेठनी दोनदा हाक मारल्यावर बोट किनाऱ्याला लागायची. मग रंभा हातभर लेस घेऊन घरी जायची आणि शेठ साय धरलेला गार चहा प्यायचे.

अशा गिऱ्हाइकानं त्या दिवशी क्रीम रंगाची फुलवायल, चक्क चार मीटर, कापायला सांगितली, तेव्हा शेठनी उचललेली कात्री परत खाली ठेवली.

"नक्की ना, ताई? कापू?"

"कापा!"

मॅक्सी शिवला मार्गारेट मावशीनं. मार्गारेट म्हणजे रिटाची आई, पलीकडच्या घरातली, शिवणकामात पंचक्रोशीत नाव असलेली. लेकीच्या लग्नाचे झगे शिवता शिवता तिनं शेजारणीच्या लेकीचं मापही घेतलं आणि तोंडात टाचण्या धरून एक बातमी दिली.

"बाय माझे, नीट शिवते तुझा. लग्नाला एक पोरगा येतोय. दिवाकर. आमच्या जावयाच्या, व्हॅलेरियनच्या ऑफिसात आहे. तुमच्यातलाच गो! आई पण येतेय बरोबर, धोंडूबाई. मी सांगून ठेवलंय त्यांना, आमची रंभा म्हणजे एकदम मुंबईवाली!"

"राहतो कुठं?" रंभेनं जमिनीकडे बघत विचारलं.

"दादरला."

दादर! रंभेनं ऐकलं होतं, दादरला जिना उतरला की दुकानं सुरू होतात. रोज संध्याकाळी खाली उतरायचं, आज चपला, उद्या बांगड्या, परवा नुसतंच बघायचं. त्या दिवसापासून ती मोगऱ्याच्या कळ्या खुडायची वाडीत आणि फिरत असायची दादरला. आई, द्वारका, हाका मारून दमायची.

"अगं, टोपली भरून सांडायला लागली! आहेस कुठं?"

"आले, आले," रंभा म्हणायची आणि मनातल्या मनात शेवटचं दुकान घाईनं उरकायची.

आता केळीची वाडी असलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. केळीचा चीक! पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. तासाभरानं पिवळा होतो, मग तपकिरी, आणि एकदा तपकिरी झाला की कापड फाटेल, पण डाग जाणार नाही. साबण लावावा तर आणखी गडद! म्हणून वाडीतल्या प्रत्येक घरात एका खुंटीवर चिकाचे कपडे वेगळे टांगलेले असतात. दुसऱ्या कपड्यांत केळीला हात लावायचा नाही, हे रंभेला चालता येण्याआधीपासून माहीत होतं.

जानेवारीतला रविवार उजाडला. चारला चर्चमध्ये लग्न, मग मार्गारेटच्या अंगणातल्या मांडवात पार्टी. मांडवाच्या दाराला केळीचे दोन खांब, लोंगरासकट म्हणजे केळ्यांच्या घडासकट, हिरामणच्या वाडीतले. शेजार म्हटल्यावर ते आलंच. तीन वाजता रंभा तयार होऊन कपाटाच्या आरशासमोर उभी होती. बाह्या घंटेसारख्या पसरलेल्या, खाली झालर, केसांत अबोली. तिनं मान जराशी कलती केली आणि निघाली दादरला.

इतक्यात कुंपणावरून मार्गारेट ओरडली.

"हिरामणभाऊ! उजवा खांब बकरीनं खाल्ला! अर्धा राहिला! लोक यायला लागले हो!"

हिरामण नवा सदरा काढून, चिकाची बंडी चढवून, कोयता घेऊन वाडीत धावला. एक चांगली भरलेली राजेळी केळ हेरली. पण खांब एकट्यानं पाडायचा तर लोंगर जमिनीवर आपटणार.

"रंभे! लोंगर धर गं!"

ही हाक रंभा दहा वर्षांची असल्यापासून ऐकत होती. हाक आली की हात वर, डावा खांदा लोंगराखाली. यात डोक्याचं काम नसतं, त्यामुळे डोकं दादरलाच राहिलं आणि पाय तेवढे वाडीत गेले. खांद्यावर काहीतरी जड येऊन टेकलं. रंभेला वाटलं, दुकानदारानं नवीन थान टाकलं खांद्यावर. ती हसलीसुद्धा! हिरामणनं खांब तोडला, सवयीनं लोंगराच्या टोकाचं केळफूल कोयत्यानं उडवलं आणि टपटप टपटप चीक तिच्या खांद्यावरून ओघळत पार झालरीपर्यंत गेला. हिरामणचं लक्ष खांबाकडे. खांब उचलून तो पळालाही.

"ओलं कशानं गं झालं?" द्वारकेनं निघताना विचारलं.

"पाटाचं पाणी उडालं असेल," रंभा म्हणाली. "वाळेल."

वाळलं. तोच तर घोटाळा!

चर्चमध्ये घंटा झाली तेव्हा मॅक्सी क्रीम होता. अंगठ्या घातल्या तेव्हा खांद्यावर जराशी हळद सांडल्यासारखं दिसत होतं. बाहेर पायऱ्यांवर नवरानवरीवर फुलं उधळली आणि रंभेनं सहज खाली बघितलं. छातीपासून गुडघ्यापर्यंत चहाचे ओघळ! मांडवात पोचताच ती मागच्या नळाशी धावली, हाताला लागला तो कपडे धुण्याचा साबण घेऊन खसाखसा चोळला आणि मग आठवलं, की चिकाला साबण लावत नाहीत. चहाची कॉफी झाली होती.

"ए रंभा!" मागून रिटाच्या मावसबहिणी आल्या. पाच जणी, सगळ्या अंधेरी-बांद्र्याच्या. "हे कसलं प्रिंट गं?"

रंभेनं मासिकात एक शब्द वाचला होता. तो देवासारखा धावून आला.

"बाटिक!"

"काय सांगतेस! किती वेगळं आहे! प्रत्येक ओघळ निराळा!"

"हातानं करतात," रंभा म्हणाली. ते खोटं नव्हतं.

पाच जणी मार्गारेटकडे धावल्या. मार्गारेटनं डोळे बारीक करून मॅक्सीकडे बघितलं. तिनं शिवला तेव्हा त्यावर काहीच नव्हतं. पण पाच गिऱ्हाइकं समोर उभी आणि शिवण तर तिचीच!

"माझ्याच मशीनवर शिवलाय," ती ताठ मानेनं म्हणाली. "पाचही जणींना शिवून देते. कापड रंभा आणेल." आणि तिथंच पाचही मापं लिहून घेतली.

रंभा हळूहळू मागे सरकायला लागली. तेवढ्यात समोर सरबताचे दोन ग्लास धरलेला एक उंच मुलगा उभा राहिला. बेलबॉटम, रुंद कॉलर आणि हसला की डोळे मिटत होते.

"मी दिवाकर. तुमचा मॅक्सी फार वेगळा आहे."

"बाटिक आहे," रंभा पुटपुटली. ते हसणं बघून तिला सरबत धरायचंही सुचेना. मग धीर करून तिनं मनातलं विचारलं, "तुमच्या दादरला खाली उतरलं की लगेच दुकानं ना?"

"लगेच. एक तर जिन्यातच आहे. आणि इथं खाली उतरलं की?"

"केळी."

"लगेच?"

"पायरीपासून."

"किती छान!" दोघं एकदम म्हणाले.

"संध्याकाळी दुकानांवर दिवे लागत असतील ना?" रंभा स्वप्नात बोलावं तशी म्हणाली.

"संध्याकाळी केळीत वारा शिरला की आवाज येत असेल ना?" दिवाकरही तसाच म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत होते आणि दोघांना भलतंच दिसत होतं. तिला त्याच्या मागे रंगीत दिव्यांची रांग, त्याला तिच्या मागे हिरवी पानं. बँड वाजत होता, मांडवाच्या दाराशी नवा खांब डुलत होता आणि रंभेला वाटलं, माणूस इतका आवडला तर त्याला दादर जोडलेलं असणं हे निव्वळ नशीब!

तेवढ्यात मार्गारेटशी बोलणाऱ्या धोंडूबाईंचा आवाज कानावर आला. बाई आवाजानं खणखणीत होत्या.

"पोर गोड आहे हो, पण आमच्या कामाची नाही. माझा भाऊ जयराम, त्याला मूलबाळ नाही. आगाशीची वाडी त्यानं आमच्या दिवाकरला दिलीय. हा मार्चपासून नोकरी सोडून केळी करणार. वेडच घेतलंय त्यानं वाडीचं! आता तुमची ही मुंबईवाली, बाटिक घालणारी, चिकात कशी राहील? पोरीच्या जिवाचे हाल नकोत. आम्ही निघतो."

रंभेच्या डोळ्यांसमोरचं दादर एकेक दिवा करत विझलं. जिन्यातलं दुकान सगळ्यांत शेवटी.

खरं तर सुटली होती ती! गप्प बसली असती तर दादरला दुसरे दिवाकर काय कमी होते? पण दुसऱ्या दिवाकरचे डोळे हसताना मिटतील कशावरून? समोरचा तर ग्लास हातात धरून हिरमुसून उभा होता, जत्रेतून न खेळवता परत नेलेल्या मुलासारखा. रंभेला त्याच्याबद्दल वाईट वाटलं, मग स्वतःबद्दल जास्त वाईट वाटलं आणि ती एकदम बोलून गेली.

"काकू, हे बाटिक नाही. चीक आहे."

बँडवाल्यांनी नेमकं तेव्हाच पाणी प्यायला वाजवणं थांबवलं होतं, त्यामुळे ते मांडवभर ऐकू गेलं.

"काहीतरीच!" मावसबहिणी म्हणाल्या. "बाटिकच आहे!"

"बाटिकच!" मार्गारेट घाईघाईनं म्हणाली. "पोरगी लाजतेय. मी स्वतः शिवलाय!"

"चीक आहे हो! केळीचा!" रंभा आता रडकुंडीला आली. आयुष्यात पहिल्यांदा ती खरं सांगत होती, तर कुणी ऐकून घेईना!

धोंडूबाई पुढे आल्या. त्यांनी चष्मा लावला. झालर चिमटीत धरून बघितली, मग खांदा बघितला, मग खांद्यापासून झालरीपर्यंतचा ओघळ बोटानं मोजत गेल्या.

"डावा खांदा," त्या हळूच म्हणाल्या. "वरून खाली सरळ ओघळ. लोंगर खांद्यावर असताना कुणा शहाण्यानं केळफूल उडवलंय. राजेळी?"

"राजेळी," रंभा म्हणाली.

"अरे देवा!" मागून हिरामण ओरडला. हातात केकचा तुकडा तसाच. "तो शहाणा मीच की!"

धोंडूबाईंनी चष्मा काढला. बाईंच्या डोळ्यांत पाणी!

"लग्नाच्या मॅक्सीवर लोंगर घेतलास, पोरी? माझी आई अशीच होती. हाक आली की नव्या लुगड्यानं धावायची. मार्गारेटबाई, तुम्ही मुंबईवाली म्हणालात, मी नकार द्यायलाच आले होते! अहो, ही तर आमच्यातली निघाली!"

दिवाकरचे डोळे मिटले. पाच मावसबहिणींनी आपापली मापं परत मागितली आणि मार्गारेटनं रंभेकडे असं बघितलं, की पुढचे दोन महिने रंभेनं तिच्या घरावरून जाताना मान वर केली नाही.

लग्न ठरलं. लग्नाच्या खरेदीला धोंडूबाई रंभेला घेऊन वसईला आल्या. शेठनी नेहमीप्रमाणे चहा मागवला आणि शिडी लावली. रंभेची नजर वरच्या फळीवरच्या आकाशी नायलॉनवर गेली, दूर कुठंतरी बोटीचा भोंगाही वाजला. पण धोंडूबाई तिथं बोट लागू देणाऱ्या नव्हत्या.

"शेठ, शिडी राहू द्या. तपकिरी काढा. गडद. ज्यावर चीक दिसणार नाही असं."

शेठनी हाताशी असलेलं एकच थान काढलं. धोंडूबाईंनी एकदाच चोळून बघितलं. "सहा वार." खेळ खलास! शेठनी बशीत चहा ओतला. वाफा येत होत्या. इतक्या वर्षांत या पोरीच्या खरेदीला गरम चहा! त्यांचा विश्वासच बसेना.

रंभेनं ते तपकिरी कापड गुमान खांद्यावर घेतलं. डाव्या, अर्थात. आरशात बघितलं. बघतच राहिली. मान हळूच कलती झाली. तपकिरी कुठं, हा तर कॉफी कलर! संध्याकाळची वाडी, केळीत शिरलेला वारा, बांधावर हसताना डोळे मिटणारा एक माणूस आणि त्याच्यासमोरून चालत येणारी आपण, कॉफी कलरमध्ये...

"शेठ," ती आरशातूनच म्हणाली, "याच्यावर मॅचिंग ब्लाउजपीस दाखवा. ते सगळ्यांत वरचं आधी."

शेठनी ओठांपर्यंत नेलेली बशी खाली ठेवली आणि शिडी लावली.