गुलाबराव बोक्याने पक्षी खाणं सोडलं

एका जंगलात, बाळांनो, गुलाबराव नावाचा एक रानबोका राहत होता. तो पक्षी खाई. यात त्याला काही वाईट वाटत नसे आणि पक्ष्यांनाही त्याचं नवल वाटत नसे. भूक लागली की तो निघे. जो सावध असेल तो उडून जाई. जो सावध नसेल त्याच्याबद्दल बाकीचे संध्याकाळी दोन शब्द चांगले बोलत आणि झोपी जात.

एके दिवशी जंगलात एक माणूस आला. त्याच्या गळ्यात तोफेएवढा कॅमेरा होता. समोरून अस्वल आलं. अस्वल बिचारं आपल्या कामाला चाललं होतं, पण माणसाचा गैरसमज झाला आणि तो कॅमेरा टाकून पळाला.

गुलाबराव तेव्हा एका तांबट पक्ष्याच्या मागावर होता. त्याने कॅमेरा हुंगला, चावून पाहिला आणि शेवटी डोळ्याला लावला.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "याला मिशा आहेत!"

इतकी वर्षं त्याने तांबट फक्त चवीवरून ओळखला होता. आता त्याला दिसलं की त्याचं कपाळ लाल आहे, गळा पिवळा आहे आणि डोळ्याभोवती कुणीतरी हळद लावल्यासारखी दिसते. गुलाबरावाचा पंजा चुकून खटक्यावर पडला. आवाज झाला, तांबट उडाला. आणि उडालेल्या पक्ष्याबद्दल गुलाबरावाला आयुष्यात पहिल्यांदाच हळहळ वाटली नाही.

घरी बायको वाट बघत होती. तिचं नाव अनसूया.

"काय आणलंत?"

"तांबट."

"कुठाय?"

त्याने कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. अनसूयेने तो हुंगला.

"अहो, याला वास नाही."

"वासाचं सोड गं. उजेड बघ कसा पडलाय!"

त्या दिवशी दोघांनी नाकतोडे खाल्ले. दुसऱ्या दिवशीही नाकतोडेच खाल्ले.

बोक्याने पक्षी खाणं सोडलं, ही बातमी बडबड्या सातभाई पक्ष्यांनी अर्थातच सगळीकडे पोचवली. गुलाबरावाचा जाहीर सत्कार झाला. साळिंदराच्या हस्ते शाल पांघरवली गेली, ती थोडी फाटली. मग पक्षी आपण होऊन फोटो काढून घ्यायला येऊ लागले. धनेशाने विचारलं, "चोच जरा लहान करता येईल का हो?" पिंगळ्याची तक्रार अशी की प्रत्येक फोटोत त्याचे डोळे वटारलेलेच येतात.

दरम्यान अस्वलाच्या लक्षात आलं होतं की आपण वाटेत नुसतं उभं राहिलो तरी माणसं कॅमेरे टाकून पळतात. मग जंगलात कॅमेऱ्यांना तोटा राहिला नाही. कोल्ह्याने घेतला, मुंगसाने घेतला. घोरपड एरवीही दगडात दिसत नसे, पण तिनेही हौसेने दगडाच्या रंगाचं जाकीट शिवून घेतलं. भास्करपंत कोल्हे तर लगेच गुरुजीच झाले. "पानाआडचा पक्षी म्हणजे पक्षीच नव्हे," असं ते शिकवत.

अशात गुलाबरावाला ओढ्याकाठच्या करंजावर एक घरटं दिसलं. ते स्वर्गीय नर्तक नावाच्या पक्ष्यांचं होतं. नराची शेपटी पांढरीशुभ्र, फितीसारखी लांब. मादीचं नाव शेवंती. घरट्यात तीन पिल्लं होती आणि वर पानांचं दाट छप्पर होतं. गुलाबराव हरखून गेला. इतका हरखला की त्याला ते एकट्याच्या पोटात ठेववेना. त्याने ते भास्करपंतांना सांगितलं, अगदी कानात.

दुपारपर्यंत करंजाखाली जत्रा जमली.

आधी भास्करपंतांनी घरट्यावरची पानं तोडायला लावली. मग आड येणारी फांदी मोडली. उघड्या पिल्लांवर ऊन आलं. मुंगूस दुसऱ्या नराचा आवाज काढू लागलं, म्हणजे शेवंतीचा नवरा चिडून शेपटी उडवत बाहेर येईल. तो आलाही. न दिसणाऱ्या नराशी भांडून भांडून बिचारा दमून गेला.

शेवंती उडत आली आणि गुलाबरावाच्या कॅमेऱ्यावर बसली.

"गुलाबराव, एक विचारू?"

"विचार की. जरा प्रकाशात सरकून विचार."

"तुम्ही परत खायला लागाल का?"

"काय?"

"पूर्वी तुम्ही यायचात, मिळालं तर एखाद्याला न्यायचात. मग बरेच दिवस शांतता असायची. आता मी चोचीत किडा धरून आले की सगळे ओरडतात, 'बाई, जरा डावीकडे बघा!' सकाळपासून पिल्लांच्या पोटात काही नाही. लोक आम्हाला आधीच स्वर्गीय म्हणतात, गुलाबराव. नाव खरं करायला निघालात तुम्ही."

गुलाबराव ओशाळला. तो भास्करपंतांकडे गेला.

"पंत, आज पुरे करू या का?"

"पुरे?" भास्करपंत म्हणाले. "आपण पक्षिप्रेमी आहोत. आपणच गेलो तर यांच्याकडे बघायचं कुणी? आणि बरं का, सगळ्यात चांगली जागा तुमची आहे. सोडता का? मी बसतो."

जागा खरोखरच चांगली होती. गुलाबराव परत येऊन बसला.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. घरटं एकदम जवळ आलं. दोन पिल्लं चोची वासून होती. तिसऱ्याची मान कडेवरून खाली लोंबत होती आणि ते चोचही उघडत नव्हतं.

गुलाबरावाने कॅमेरा खाली ठेवला. त्याने दात विचकले. बरेच दिवस वापरात नसल्यामुळे ते नीट बाहेर यायला वेळ लागला. मग तो असा काही फिस्कारला की मुंगसाच्या घशातला नराचा आवाज घशातच राहिला. गुलाबराव उडी मारून करंजावर चढला आणि घरट्यावर पंजा रोखून गुरगुरला.

"ज्याला जीव प्यारा असेल त्याने निघावं!"

घोरपड जाकीट टाकून पळाली. साळिंदर पळताना दोघातिघांना लागलं. भास्करपंतही पळाले, पण सवयीने पळता पळता एक फोटो काढून पळाले.

ओढा शांत झाला. गुलाबरावाने मोडकी फांदी ओढून घरट्यावर सावली केली आणि तो खाली उतरला.

समोरच्या डहाळीवर शेवंती चोचीत किडा घेऊन बसली होती. ऊन तिरपं झालं होतं, सोन्यासारखं. बाळांनो, असा फोटो आयुष्यात एकदाच मिळतो. गुलाबरावाने कॅमेरा उचलला. शेवंती हलली नाही. तो तिथे असेपर्यंत ती हलणारही नव्हती, हे त्याला समजलं.

तो पाठ फिरवून चालू लागला. मागे पंखांची फडफड झाली. मग चिवचिव झाली, भुकेल्या पोरांची. वळून बघायची इतकी इच्छा होती की त्याची मान दोन दिवस अवघडलेली होती.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. मध्यभागी भास्करपंतांनी काढलेला फोटो लावला होता. खाली घरटं आणि वर गुलाबरावाचे दात. फोटो उत्तम आला होता.

अध्यक्ष गवा होता. त्याने विचारलं, "शेवंतीबाई, हा तुमच्या पिल्लांना खायला आला होता का?"

शेवंतीने गुलाबरावाकडे पाहिलं. खरं सांगावं तर दुपारी पुन्हा जत्रा भरणार. खोटं सांगावं तर कोणत्या तोंडाने?

तेवढ्यात गुलाबरावच उठला.

"खायलाच गेलो होतो," तो म्हणाला. "पुन्हा जाणार आहे. त्या ओढ्याकडे जो फिरकेल त्याचंही मी काही सांगू शकत नाही."

सभेत शी-शी झाली. अनसूया मागे बसली होती, तिने तेवढी मान ताठ केली. ओढा धोक्याचा म्हणून जाहीर झाला. भास्करपंतांना 'क्रौर्य' या फोटोबद्दल पहिलं बक्षीस मिळालं. पक्षिप्रेमी हळहळत दुसऱ्या बाजूच्या तळ्याकडे गेले.

पावसाळा लागायच्या सुमारास गुलाबराव एकदा ओढ्यावर पाणी प्यायला गेला. वरून शेवंतीचा आवाज आला.

"पोरांनो, तो बघा, बोका! उडा!"

दोन पिल्लं भुर्रकन उडाली. तिसरं अजून जरा अशक्त होतं. त्याला पंख सावरायला वेळ लागला.

गुलाबराव तेवढा वेळ थांबला, आणि मग धावून गेला.

तात्पर्य: जो आपल्याला खायला येतो, तो पोट भरलं की घरी जातो. जो आपल्या प्रेमापोटी येतो, त्याचं पोट भरत नाही. तेव्हा बाळांनो, प्रत्येकाने घराजवळ एक बरासा वैरी राखून ठेवावा.