नानांची केळी

नाना केळी घेऊन आले की आमच्या विभागातली माणसं पांगायची. कुणाला एकदम फोन यायचा, कुणाचं पोट बिघडायचं. नानांच्या एका हातात केळं असलं की दुसऱ्या हातात सुई असणारच. "फक्त दोन चमचे!" हे त्यांचं पालुपद. जळगावात केळ्यांना काय तोटा, पण इतकं महाग केळं मी दुसरं पाहिलं नाही.

नाना आमच्या महाविद्यालयातले संशोधक, मूळचे धरणगावचे, घरी एकटे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांच्यावर औषधं तपासायची, हा त्यांचा उद्योग. त्याला निरोगी माणसाचं ताजं रक्त लागतं. कोणी देईना, म्हणून बहुतेकदा ते स्वतःचंच वापरायचे. यंत्रात नळी गरगर फिरली की लाल रक्त तळाशी बसतं, वर पिवळसर पाणी राहतं आणि मधे सायीसारखा पांढरा पापुद्रा. तो हलू नये म्हणून नाना कुणाला दार आपटू देत नसत. प्राचार्यांनासुद्धा त्यांनी चपला हातात घ्यायला लावल्या होत्या. "साहेब, लढनारं सैन्य शे ते. त्यास्ले धक्का नको."

गेल्या महिन्यात अखेर मी सापडले. नानांनी माझं रक्त घेतलं, स्वतःचं घेतलं, दोन्ही नळ्या फिरवल्या. बाहेर काढताना नळ्यांवर स्पिरिट सांडलं आणि शाईनं लिहिलेली दोन्ही नावं पुसली गेली. एका नळीत पापुद्रा होता. दुसरीत चांगला जाडजूड पांढरा थर.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, पण एवढं मलाही कळतं. इतक्या पांढऱ्या पेशी म्हणजे बहुधा रक्ताचा कर्करोग. माझी लेक पाचवीत आहे. मला दुसरं काही सुचेना.

"बाहेर बस," नाना म्हणाले. आत त्यांनी स्वतःच्या हातात पुन्हा सुई खुपसली. मी बाकावर बसून यंत्राची घरघर ऐकत राहिले. ती थांबायला फार वेळ लागला.

मग दार धाडकन उघडून नाना आले. माणूस चक्क हसत होता, स्वतःच्या छातीवर बोट आपटत.

"ताई, तुनी नई! ती नळी मनी शे, मनी!"

मला रडूच फुटलं. नानांनी केळं सोलून माझ्या हातात दिलं. "खाई ले. दोन चमचे रगत गयं तुनं."

त्यांच्या हातावरचा कापूस भिजून लाल झाला होता. फणीतलं ते शेवटचं केळं होतं.