अंबररावांनी पारखलेलं मीठ

एका जंगलात, बाळांनो, समुद्र सोडून बाकी सगळं होतं. म्हणूनच तिथल्या प्रतिष्ठित प्राण्यांना घरात समुद्र हवा होता.

अंबरराव अस्वलांनी पुढाकार घेतला. दिवाणखान्यात काचेची ही थोरली पेटी बसवली. त्यांचा जुना मित्र कुरव पक्षी किनाऱ्यावर राहायचा. त्यानं एका घागरीत समुद्राचं थोडं पाणी, त्यात एक केशरी मासा आणि जिवंत पोवळ्याची एक फांदी असं आणून दिलं.

"पेटीत ओढ्याचं पाणी भर, समुद्री मीठ कालव आणि यांना सोड," तो म्हणाला. "घागरीतलं पाणी फार टिकायचं नाही, बरं का." आणि उडून गेला.

अंबररावांना मासा फार आवडला. उगाच खोटं कशाला सांगू? त्यांनी लाडानं त्याचं नाव केशरू ठेवलं.

पण मीठ कोणतं? बाजारात निळ्या डब्यातलं होतं, लाल डब्यातलं होतं, हिरव्या डब्यातलंही होतं. प्रत्येक डब्यावर लिहिलेलं, 'अगदी समुद्रासारखं!' अंबरराव विचारात पडले. आणि विचारात पडलेलं अस्वल काही लवकर उठत नाही.

त्यांनी तिन्ही डबे आणले आणि जाणकारांना चहाला बोलावलं. 'सागरप्रेमी मंडळा'चे अध्यक्ष धुंडिराज कोल्हे आले. त्यांनी समुद्र कॅलेंडरवर पाहिला होता. उपाध्यक्ष विदुलाताई घुबड आल्या. त्यांनी तेवढाही पाहिला नव्हता, कारण कॅलेंडर दिवसा दाखवलं होतं.

"मीठ पारखायचं कसं?" अंबररावांनी विचारलं.

"कैरीला लावून," धुंडिराज म्हणाले. "आपल्या जंगलात दुसरी रीत आहे का?"

अंबररावांच्या पत्नीनं, सगुणाबाईंनी, कैऱ्या चिरल्या. जाणकार मिटक्या मारू लागले.

"निळं जिभेवर रेंगाळतं," धुंडिराज म्हणाले.

"लाल जरा कडवट आहे," विदुलाताई म्हणाल्या. "पण पोवळ्याच्या प्रकृतीला कडू चांगलंच."

तेवढ्यात घागरीतून आवाज आला. "मला कुठलंही चालेल हो. पण आज घाला."

"ऐका याचं!" विदुलाताई हसल्या. "नुसता समुद्रात राहिला, म्हणून मिठातलं कळायला लागलं होय?"

सगळे हसले. अंबररावही हसले, कारण पाहुण्यांसमोर न हसणं बरं दिसलं नसतं.

कैऱ्या संपल्या, मग पेरू आले. पेरू संपले, मग काकड्या आल्या. मंडळात निळे आणि लाल असे दोन तट पडले. एकमेकांच्या घरी जाणंयेणं बंद झालं. अंबररावांच्या घरी मात्र दोघंही न चुकता येत.

"अहो, घागरीला वास यायला लागलाय," सगुणाबाई म्हणाल्या. "घाला ना एखादं!"

"घाई करून कसं चालेल? जिवाचा प्रश्न आहे," अंबरराव म्हणाले.

पोवळं पांढरंफटक पडलं. "काय उजळलंय!" विदुलाताई म्हणाल्या. केशरू आता बोलत नव्हता. अंबरराव घागरीवर वाकून म्हणाले, "थोडी कळ काढ, बाळा. तुला सगळ्यांत उत्तम तेच देणार आहे मी."

अखेर हिरव्या मिठावर एकमत झालं. निळं आणि लाल मीठ मंडळींनी चाटूनपुसून संपवलं होतं.

टाळ्यांच्या गजरात मीठ कालवलं गेलं. अंबररावांनी मोठ्या हौसेनं घागर उचलली. केशरू पोट वर करून तरंगत होता.

अंबरराव ढसाढसा रडले. ते रडणंही खरं होतं. सगुणाबाईंनी माशाला ओंजळीत घेतलं आणि करवंदीच्या जाळीखाली पुरलं.

परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांत उत्तम द्यायचं होतं तुम्हाला. नुसतं दिलं असतं, तरी जगला असता."

"पण कालवलेलं पाणी वाया का घालवायचं?" धुंडिराज म्हणाले. त्यांनी ते पांढरं पोवळं पेटीत मांडलं.

आणि काय सांगू, बाळांनो! पाणी दिवसेंदिवस तसंच राहिलं. शेवाळ नाही, वास नाही, गढूळपणा नाही. शेजारच्या जंगलातून प्राणी पेटी बघायला येऊ लागले. कोणी मीठ विचारलं, की अंबरराव डोळे पुसत, छाती पुढे काढत आणि सांगत, "हिरवं. अनुभवाचे बोल आहेत."

तात्पर्य: मीठ निवडताना मुळीच घाई करू नये. निवड पुरी होईपर्यंत पाणी घाण करणारं कोणी उरत नाही.