भोयर काकाजींची डबल बेल

आमच्या सिंदी मेघेच्या ले-आउटच्या वस्तीत सायकल चालवणारे पुष्कळ आहेत. पण जाताना सायकलवर बसून जाणारा आणि येताना तीच सायकल हाताने ढकलत आणणारा माणूस एकच, भोयर काकाजी. ऊन कललं की ते डोलत, हँडलशी झटापट करत निघतात. दिवेलागणीला परत येतात ते पायी. सायकल शेजारून चालत असते. गल्लीत नवा भाडेकरू आला की तो हमखास विचारतो, "काकाजी, पंक्चर झाली का?"

"पंक्चर कायले होते? बेल नाई भेटली."

एवढं बोलून काकाजी पुढे जातात. नवा भाडेकरू हँडलकडे बघत राहतो. तिथे चांगली चकचकीत घंटी बसवलेली असते.

काकाजी लाल बसवर ड्रायव्हर होते. वर्धा–समुद्रपूर गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली की त्या रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा त्यांचा हॉर्न ओळखायच्या, असं ते सांगतात. म्हशींना विचारायला कोण जाणार? पण सायकलवर ते पहिल्यांदा बसले ते निवृत्तीनंतर. लहानपणी घरी बैलगाडी होती, तिच्यावरून ते ट्रॅक्टरवर गेले, तिथून ट्रकवर, आणि मग बसवर. "मधातली सायकल सुटली ना," ते म्हणतात, जणू एखादा थांबा राहून गेला होता.

तर ही सुटलेली सायकल त्यांनी आता धरली आहे, आणि स्पष्ट सांगायचं तर ती त्यांना येत नाही. डावीकडे वळणं जमतं. उजवीकडे वळायचं म्हटलं की हँडल काकाजींचं ऐकत नाही, काकाजी हँडलचं ऐकत नाहीत, आणि दोघंही नालीत जातात. उतरायला त्यांना पाय टेकवण्यापुरती उंच जागा लागते. म्हणजे ज्या घराला ओटा आहे तिथेच ते थांबू शकतात. ज्यांच्या घराला ओटा नाही त्यांच्याकडे काकाजींचं जाणं-येणं हल्ली फार कमी झालं आहे.

ओटा चुकला की ते पडतात. पण पडले असं म्हणायची सोय नाही. एकदा आमच्या फाटकासमोरच्या मेंदीच्या कुंपणात ते आडवे झाले. बाहेर फक्त चपला दिसत होत्या. मी हातातलं काम टाकून धावले.

"पडले काय जी, काकाजी?"

"पडलो नाई, उतरलो," कुंपणातून आवाज आला.

निघण्याआधी ते सायकलभोवती एक चक्कर मारतात आणि दोन्ही चाकांना चपलेने हलकेच लाथ घालतात. खांद्यावर नॅपकिन टाकतात. रस्त्याने जाताना बसथांब्यापाशी त्यांचा वेग आपोआप कमी होतो. मुळात वेग नसतोच, त्यामुळे तो कमी झाला की सायकल कलते. थांब्यावर उभी असलेली बाई घाबरून विचारते, "काकाजी, हिंगणघाटची गेली काय?" काकाजी कलत्या सायकलवरून तिला पुढची गाडी, त्याच्या पुढची गाडी, कोणती उशिरा येते, कुठल्या गाडीत खिडकीची काच वर होत नाही, सगळं सांगतात. सांगून होईपर्यंत ते थांब्याच्या बाकावर उतरलेले असतात.

मी एकदा त्यांना विचारलं, एवढा त्रास होतो तर कशाला चालवता? काकाजींना प्रश्नच कळला नाही.

"तरास? अवो मॅडम, मजा येते ना! बसमधी इंजिन मांडीपाशी. उन्हाळ्यात आंग शेकून निघे. अन् आता पाहा, वारा लागते. थंडा." मग जरा पुढे वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "गाडीवर होतो तं जिंदगीभर रस्ताच पाहिला. बाजूले काय हाय ते पॅसेंजर पाहे. आता मी बाजू पाहून राह्यलो."

बाजू पाहता पाहता त्या हिवाळ्यात एका शेतातल्या तुरीचा बहर त्यांना इतका आवडला की ते सरळ तुरीत शिरले. अर्थात उतरले.

मी शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे काकाजींच्या पायी परतण्यामागचं कारण मी माझ्यापुरतं शोधून काढलं होतं. जाताना सगळी वळणं डावी येत असणार. येताना तीच वळणं उजवी होतात, आणि उजवं तर त्यांना जमत नाही. म्हणून ते ढकलत येतात. मी सुमन काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कागदावर आकृती काढून हे समजावून दिलं. काकूंनी आकृती उलटसुलट करून पाहिली आणि त्याच कागदात मला चिवडा बांधून दिला. काकाजींना मी म्हटलं, रविवारी मैदानावर चला, उजवीकडे वळायला शिकवते. ते हसले आणि म्हणाले, "ते राहू द्या. मले बेल भेटली की आपोआप येईन."

तुरीत उतरल्यावर काकाजींचा गुडघा सुजला आणि ती बातमी पुण्याला मंगेशपर्यंत पोचली. मंगेश त्यांचा मुलगा. त्याने मला फोन केला. "ताई, बाबा माझं ऐकत नाहीत. तुम्ही सांगा. उद्या हाड मोडलं तर कोण करणार? ती सायकल ज्यांची आहे त्यांना देऊन टाका म्हणावं."

म्हणजे सायकल काकाजींची नव्हती. इतके दिवस शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं.

मी गेले तेव्हा काकाजी चाकांना लाथा घालत होते. गुडघ्याला पट्टा होता.

"काकाजी, मंगेशचा फोन आला होता."

"मालूम हाय. तुम्ही असं करा, तुमची स्कूटी घ्या अन् माह्या मांगं चाला. मंग सांगजा काय सांगाचं ते."

मी मागून निघाले. त्या वेगाला स्कूटी चालवणं हे कौशल्याचं काम आहे. मी दोन्ही पाय जमिनीवर घासत होते. एका बकरीने आम्हाला मागे टाकलं आणि जाता जाता वळूनही पाहिलं. देऊळ आलं, डावीकडे वळलो. पाण्याची टाकी आली, डावीकडे वळलो. माझी आकृती अगदी बरोबर होती. शेवटी पलीकडच्या ले-आउटमधल्या एका घरापाशी काकाजींनी ओट्यावर नेमका पाय टेकवला आणि घंटी एकदाच वाजवली.

ते आत्राम काकांचं घर. आत्राम काका म्हणजे काकाजींचे कंडक्टर. नोकरीतली बहुतेक वर्षं दोघांची ड्युटी एकाच गाडीवर असायची. मागच्या पोळ्यानंतर आत्राम काकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात चांगला आहे असं डॉक्टर सांगतात, पण त्यांनी मनच सोडलं. पाण्याचा पेलासुद्धा ते स्वतः उचलत नाहीत. रस्त्याकडच्या खिडकीशी पलंग आहे, तिथे भिंतीकडे बघत पडून असतात. सायकल त्यांची. आयुष्यभर ते डेपोत त्याच सायकलने गेले. ते आजारी पडल्यावर घरचे ती भंगारात द्यायला निघाले, तेव्हा काकाजी म्हणाले, उभी गाडी खराब होते, मी चालवतो. चालवता येत नाही ही गोष्ट नंतर त्यांच्या लक्षात आली.

खिडकीच्या गजाला बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी बांधली होती. तिची सुतळी पलंगापर्यंत आली होती आणि आत्राम काकांच्या डाव्या मनगटाशी ठेवली होती. हे काकाजींचंच काम.

काकाजी खिडकीशी बसले आणि बोलत सुटले. जामच्या चौकातली चहाची टपरी उठली. अमक्याची बदली झाली. तुरीला बहर चांगला आहे, आपण स्वतः आत जाऊन पाहिला. आत्राम काका भिंतीकडेच बघत होते. त्यांच्या बायकोने चहा आणला आणि त्या मला हळूच म्हणाल्या, "भाऊ रोज येते. हे पाहतबी नाई त्याईच्याकडं."

चहा झाल्यावर काकाजी उठले. सायकलवर बसले, एक पाय ओट्यावर, दोन्ही हात हँडलवर, नजर समोर. आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं, काकाजी?"

"बेल," ते मान न वळवता म्हणाले. "एक बेल झाली तं गाडी थांबते. डबल झाली तं निघते. कंडक्टरनं डबल बेल देल्याबिगर ड्रायव्हर गाडी हालवत नाई."

 ते पुढे म्हणाले, "एक डाव हालवलती मी. जामच्या चौकात. मले वाटलं बेल झाली. कोणाच्या तरी डब्याची कडी वाजलीती. हिंगणघाटले पोचलो अन् पॅसेंजर म्हणते, ओ ड्रायव्हरसाहेब, आमचे तिकीट कोण काढते? हा तिकडं टपरीवर चहा पिऊन राह्यलता!" ते हसले. "मांगून ट्रकवर बसून आला. आठ-पंधरा दिवस बोलला नाई माह्यासंगं. तवापासून कसम खाल्ली, बेलीबिगर नाई."

पलंगावर काही हललं नाही. उन्हाचा पट्टा ओट्यावरून उतरून रस्त्यावर गेला. काकाजी बसलेलेच. मग ते खाली उतरले, खिडकीशी गेले, सुतळी आत्राम काकांच्या बोटांजवळ जरा सरकवली आणि म्हणाले, "बरं बा आत्राम, उद्या येतो." आणि सायकल ढकलत निघाले.

मलाही स्कूटी सुरू करवेना. मीही ढकलतच निघाले. वळणापाशी मी म्हटलं, "आता बसा ना काकाजी. इथे कोण बघतंय?"

"मी पाहून राह्यलो ना."

थोडं चालून मी ते विचारलं जे विचारायला नको होतं. "आणि त्यांनी कधीच बेल दिली नाही तर?"

काकाजी थांबले. "मॅडम, तो कंडक्टर कसा होता तुमाले मालूम नाई. एखादी म्हातारी चढली, तं ती बरोबर बसल्याबिगर त्यानं कधी बेल देली नाई. मी इकडून ओरडो, टाइम होऊन राह्यला बे! तो तिची थैली ठेवे, तिले बसवे, मंग बेल." त्यांनी खांद्यावरचा नॅपकिन सारखा केला. "आताबी कोणी चढून राह्यलं असन त्याचं. देईन तो. घाई कायची हाय?"

मला रडू आलं. मंगेशचा निरोप मी दिलाच नाही. उलट त्यालाच फोन करून सांगितलं, की सायकल राहणार, तू हेल्मेट पाठव. त्याने बिचाऱ्याने पाठवलं. काकाजी जाताना ते डोक्यावर घालत आणि येताना, पायीच असल्यामुळे, त्यात बोरं घेऊन येत. गल्लीतल्या सगळ्या घरांनी त्या हिवाळ्यात हेल्मेटमधली बोरं खाल्ली. माझा नवरा तर काकाजी दिसले की वाटी घेऊनच बाहेर येई. पण मी बोरं बघितली की समजायची, आजही नाही.

संक्रांतीनंतर सुमन काकूंकडे हळदीकुंकू होतं. आम्ही सगळ्या बायका त्यांच्या फाटकापाशी उभ्या होतो, काकूंच्या हातात तिळगुळाचं ताट होतं. तेवढ्यात रस्त्यावरून घंटी ऐकू आली. थांबत नव्हती, वाजतच होती. आणि गल्लीच्या तोंडासमोरून काकाजी गेले. सायकलवर बसून. डोक्यावर हेल्मेट, नजर समोर.

"अवो, हे तं समोरच चालले!" काकू ओरडल्या. "घर इकडं हाय!"

मला एक क्षण कळेना. मग माझी आकृती आठवली. त्या बाजूने येताना आमच्या गल्लीत शिरायला उजवीकडे वळावं लागतं. मी सगळ्यांना म्हटलं, "तिकडे बघा, मागच्या टोकाकडे." आम्ही सगळ्याजणी पैठण्या सावरत वळलो. काकाजी पुढच्या कोपऱ्यावर डावीकडे वळले असणार, मग पुन्हा डावीकडे, आणि मग प्रत्येक कोपऱ्यावर डावीकडेच; टाकी आणि देवळापासूनही ते असेच वळसे घालत आले असणार. सगळ्या ले-आउटला वळसा घालून ते खरोखरच गल्लीच्या दुसऱ्या टोकातून उगवले. डोलत होते, घंटी वाजवत होते.  एका बाईने वाट देण्यासाठी आपल्या मुलीला कडेला ओढलं.

फाटकापाशी त्यांनी ओट्यासाठी पाय उचलला. ओटा चुकला. सायकल शेजारच्या बांधकामाच्या वाळूत गेली आणि काकाजी तिच्या पाठोपाठ.

आम्ही धावलो. ते वाळूत उताणे पडले होते, हेल्मेट एका कानावर आलेलं.

"डबल देली, मॅडम," ते म्हणाले. "मी बसलो होतो, पाय ओट्यावर. अन् घंटी वाजली. एक. मले वाटलं, हवा असन. मंग दुसरी वाजली. मांगं वळून पाहतो तं माह्याकडं पाहून राह्यला. रागानं! म्हणजे, निघत काऊन नाई म्हणून."

काकूंनी ताट तिथेच जमिनीवर ठेवलं आणि त्या पदराने त्यांच्या तोंडावरची वाळू पुसायला लागल्या. "पडले ना शेवटी?" त्या म्हणाल्या.

आम्हा सगळ्यांना उत्तर पाठ होतं.

"हाव," काकाजी म्हणाले. "आज पडलो. डोळ्याले काही दिसूनच नाई राह्यलं."