तीन हजार दोनशेचा अंधार

एखादी गोष्ट आपल्याला येत नाही, असं तज्ज्ञांच्या बाबतीत कधी झालंच नाही. पाणीपुरवठा खात्यात बिलांच्या टेबलावर बसणाऱ्या या गृहस्थांना ऑफिसात सगळे तज्ज्ञ म्हणत, आणि हे नाव आपल्याला कौतुकाने दिलंय असा त्यांचा प्रामाणिक समज होता. (बायको तेवढी 'अहो' म्हणे, पण सूर साधारण तोच.)

तर सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. तज्ज्ञांनी ठरवलं, फोटो आपण काढायचे. तेही फोनवर नव्हे, काकांच्या कपाटात सापडलेल्या रोलच्या कॅमेऱ्यावर.

"फोटोग्राफर सांगितलाय मी," बायको म्हणाली.

"त्याला आयएसओ म्हणजे काय हे तरी माहीत आहे का?"

"नसेल. पण त्याचे फोटो येतात."

यावर तज्ज्ञांनी स्वतःच फोटोग्राफरला फोन करून 'येऊ नका' म्हणून कळवून टाकलं.

बायकोने कपाळावर हात मारला. तिला खरं तर एकच फोटो हवा होता. तिचे वडील आणि धाकटा भाऊ यांची बोलचाल कित्येक वर्षं बंद होती. वडिलांनी त्याची स्कूटर त्याला न विचारता विकली, हे कारण. दोघंही सारखेच हट्टी, हे खरं कारण. आता आईच्या शब्दाखातर भाऊ दुपारपुरता येणार होता.

"त्या दोघांचा एकत्र एक फोटो द्या मला," ती म्हणाली. "बाकीच्यांचं काय वाट्टेल ते करा."

तज्ज्ञ तेव्हा रोल भरत होते. बायकोने रोलचं खोकं उचलून पाहिलं. "यावर दोनशे लिहिलंय. कॅमेऱ्याच्या चकतीवर पण आकडे आहेत. मग दोनशेवरच लावायची ना?"

तज्ज्ञांना तिची कीव आली. "अगं, दोनशे आयएसओ हे नवशिक्यांसाठी असतं. उजेड कमी, आकडा वर. उजेड जास्त, आकडा खाली. फोनमध्ये नाही का आपण करत?"

समारंभाच्या दिवशी तज्ज्ञांनी दारातच सगळ्यांचे फोन काढून घेतले आणि एका टोपलीत ठेवले. कलेत लुडबूड नको! मग भर उन्हात, अंगणात सगळ्यांना उभं करून चकती पंचवीसवर आणली, घरात आले की झरझर वर नेली. मधूनमधून आयएसओवर व्याख्यानही चालू होतं. सासूबाई पहिल्या पाच मिनिटांत पेंगल्या.

बापलेक मात्र दोन टोकांना बसून होते. जेवणं झाली. भाऊ निघायला म्हणून उठला, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासरे म्हणाले, "बस की जरा. एवढी काय घाई आहे?"

सगळ्या घराच्या माना तिकडे वळल्या. भाऊ मागे वळून त्यांच्या शेजारी येऊन बसला. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तज्ज्ञांचं कोपर धरून हलवलं. "अहो, आता! लवकर!"

"थांब, थांब. इथे अंधार आहे." तज्ज्ञांनी चकती थेट तीन हजार दोनशेवर नेली. "बाबा, हात तसाच ठेवा. हसा. एवढं नको."

"जावईबापू, हात अवघडला."

"ठेवा ना बाबा," भाऊ पुटपुटला, "भावोजींचं होईपर्यंत."

भिंगाआडची उजेड मोजणारी सुई बरोबर मध्यावर आली. तज्ज्ञांनी विजयी मुद्रेने बटण दाबलं.

तज्ज्ञ फोटो आणायला गेले तेव्हा दुकानदाराने पाकीट पुढे सरकवलं आणि हळूच विचारलं, "साहेब, हे मुद्दाम केलंय का?"

अंगणातल्या फोटोंत सगळे इतके पांढरेफटक पडले होते, की सासूबाईंचे नुसते डोळे उरले होते. घरातले फोटो मात्र काळेकुट्ट.

"मधे चकती फिरवलीत?"

"प्रत्येक फोटोला!" तज्ज्ञ अभिमानाने म्हणाले.

"अहो, ती फिरवायची नसते. आत कसला रोल आहे, एवढंच तिच्यावरून कॅमेऱ्याला कळतं. रोल दोनशेचा, तुम्ही त्याला सांगितलं तीन हजार दोनशेचा. बिचाऱ्याने विश्वास ठेवला. थोडक्या उजेडात भागतंय समजून भिंगामागचं दार उघडलं न उघडलं तोच मिटलं."

"आणि दोनशेवरच ठेवली असती तर?"

"जरा हललेला आला असता. पण आला असता."

रोलच भिकार होता, असं घरी सांगायचं तज्ज्ञांनी रस्ताभर घोकलं. पण बायकोने बापलेकांचा काळा फोटो हातात घेतला, उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. ती ओरडली नाही. "मी एकच मागितला होता," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. तज्ज्ञांनी रोलला नावं ठेवायचं सोडून खिशातला रुमाल तिच्यापुढे धरला. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

संध्याकाळी बायकोने वडिलांना फोन करून झाला प्रकार सांगितला. ते पोट धरून हसले. मग त्यांना एकट्याने हसवेना, म्हणून त्यांनी मुलाला फोन लावला. मुलालाही भावोजींच्या आणखी चार गोष्टी आठवल्या. त्या सांगायला दुसऱ्या दिवशी त्याने उलट फोन केला. आता बापलेकांचं रोज बोलणं होतं, आणि विषयाला तोटा नसतो.

सासऱ्यांनी तो काळा फोटो मोठा करून, चौकट घालून बैठकीच्या खोलीत लावला. परवा तज्ज्ञ सासुरवाडीला गेले असताना शेजारचे गृहस्थ तिथे टेकले होते. ते त्या फोटोकडे बघतच राहिले.

सासरे उत्साहाने उठले आणि काचेवर बोट ठेवून दाखवू लागले. "हा मी. हा माझा मुलगा. खांद्यावर हात आहे बघा माझा."

शेजाऱ्यांनी डोळे बारीक केले. "आणि जावई कुठे दिसत नाहीत ते?"

"दिसत नाहीत? अहो, या कडेपासून त्या कडेपर्यंत तेच तर आहेत!"

शेजाऱ्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तज्ज्ञांकडे पाहिलं, आणि मान डोलावली. "हो की. हुबेहूब आलेत."