तोंड आक्काचं, हक्क चॅनलचे

"सेटटॉप बॉक्स माझा, पेनड्राइव्ह माझा, म्हणजे रेकॉर्डिंगही माझंच! जिथं नेईन तिथं दाखवीन!" असं बायकोला, म्हणजे शीलाला, छाती ठोकून सांगितलं आणि फर्दापूरची एसटी पकडली.

तिथं माझी थोरली बहीण, आवडाबाई. दुष्काळाचं साल. टँकरच्या रांगेत एका चॅनलवाल्यानं आक्काला बोलतं केलं होतं. पण बातमी लागली तेव्हा गावात लाइटच नव्हती! मी मात्र इकडं शहरात, घरच्या सेटटॉप बॉक्सला टायमर लावून ती पेनड्राइव्हवर घेतली होती. स्वतः बघायला सवड कुणाला?

आक्काकडं निम्मी गल्ली जमली. पेनड्राइव्ह तिच्या टीव्हीत खोचला. पडद्यावर अवसेचा अंधार! काढला, फुंकला, पुन्हा खोचला. काही नाही.

आक्कानं डोळे बारीक केले. "तुझं नाव घेतलं म्हणून पुसून आणलंस व्हय रं, रामहरी?"

"माझं नाव? काय बोललीस?"

"पुसणाऱ्याला ठावं नसतंय व्हय!"

आता मलाच शंका यायला लागली. घाईनं बॉक्सच्या कंपनीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडून गोड आवाज आला, "सर, रेकॉर्डिंग फक्त तुमच्याच बॉक्सवर दिसेल. कार्यक्रमाचे हक्क चॅनलचे आहेत."

आक्कानं फोन हिसकावला. "तोंड माझं, घागर माझी, उन्हात उभी मी, अन् हक्क त्येंचा?"

"मॅडम, तसा नियम आहे."

आक्कानं फोनवर तळहात दाबला. "ही शीलाच हाय! आवाज वळखते मी. नवरा-बायकोनं मिळून डाव केलाय!"

झालं! पुढच्याच एसटीनं आक्का दोन शेजारणी साक्षीला घेऊन माझ्याबरोबर निघाली. मी वाटेत बदलू नये म्हणून पेनड्राइव्ह तिच्या मुठीत!

घरी बॉक्सला लावताच बातमी झकास सुरू झाली. पडद्यावर आक्का गरजत होती, "भाऊ रामहरी शहरात मोठा सायेब हाय. सांगतो, दोन-दोन टाक्या भरल्यात! पर कधी म्हणला नाय, आक्का, आठ दिस ऱ्हायला ये!"

शेजारणींनी सावकाश माझ्याकडं माना वळवल्या.

"आक्का, महिनाभर राहा," मी पुटपुटलो.

आक्काही वरमली. "तवा रागात बोलले रं. जाऊ दे, नात्यातल्या कुणी बघितलं नाय अजून."

"बघितलं की!" शीला कौतुकानं म्हणाली. "आत्ताच टीव्हीवरचं मोबाइलवर शूटिंग केलं. माहेरी-सासरी सगळ्यांना धाडलं."

"अगं बये!" मी किंचाळलो, "हक्क चॅनलचे आहेत ना!"