बोलका देव्हारा

"आबा कोपऱ्यावर रिक्षातून उतरतायत!" मोहिनीचा नवरा ललित गॅलरीतून ओरडला आणि ती टीव्हीकडे धावली.

उद्या येणारे सासरे नामपूरहून, कांद्याच्या शेतावरून, आजच येऊन थडकले होते. आठ वर्षांच्या तृप्तीला शाळेत न घालता सूनबाई पंचवटीतल्या दोन खोल्यांत घरीच शिकवतात, तेही पोरीच्या मर्जीने, हे देवरामआबांना मुळीच पटलं नव्हतं. "घरात टीव्ही दिसला ना, तर सोमवारी पोर शाळेत! मग रडायचं नाय," असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

टीव्ही तर होताच, जुना खोक्यासारखा, चांगला टेबलभर. रोज एक तास, तृप्ती निवडेल तो, असा नियम होता. बाकी दिवसभर तिने प्रश्न विचारायचे आणि मोहिनीने लाडाने म्हणायचं, "तूच शोधून काढ बरं!" मुलाला गप्प करायचं नाही, हे त्या घराचं ब्रीद होतं.

आज तृप्तीचा तास चालू असतानाच भारनियमनाने वीज गेली होती. मोहिनीने अंधारातच लग्नातला शालू टीव्हीवर पांघरला, वर गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण मांडले आणि समोर समई लावली.

"आई, पण टीव्हीचं बटण..."

"गप्प बस गं!"

तृप्ती आईकडे बघतच राहिली.

आबा आत आले आणि दारातच थबकले. "वा सूनबाई! केवढा हा देव्हारा! अन् मला वाटलं, हितं दिवसभर टीव्हीच चालतो." त्यांनी चपला बाहेर सारल्या. "आता आरती करूनच पाणी पितो."

मोहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सांगणार काय, कपाळ? घंटा वाजली तशी खालच्या नवसाबाई नारळ घेऊन हजर. "नवा देव्हारा केलात आणि शेजाऱ्यांना पत्ता नाही? कमाल आहे बाई!" त्यांच्या मागून गल्लीतल्या आणखी चौघी. आबांनी देवांवर पाणी घालायला तांब्या उचलला, तसा ललितने तो झडप घालून धरला.

"आबा, पाणी नको!"

"का रे?"

"देवाला... गार लागतं."

"आई, अगं वीज यायची वेळ..."

"तृप्ती! आरतीत बोलू नये!"

आरती रंगात आली. आबांचा आवाज टिपेला पोचला आणि वीज आली. शालू आतून उजळला आणि देव्हाऱ्यातून एक बाई कडाडली, "या घरात एक तर मी राहीन, नाहीतर तुझी आई!"

"अगंबाई, अन्नपूर्णा कोपली!" नवसाबाईंनी कान धरले.

आबांनी शालूचा पदर वर केला. "हाई काय शे?" ते थेट अहिराणीवर आले.

मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं, आबा. पण तिला शाळेत नका घालू हो. ती खरंच शिकतेय."

"मी कधीची सांगतेय, बटण चालूच आहे," तृप्ती म्हणाली. "वीज कधी येते ते मी रोज बघून शोधून काढलंय. पण आईनेच मला गप्प केलं."

आबा सुनेकडे बघून गालात हसले आणि खुर्ची ओढून बसले. ललितने देव खाली घेऊन शालू काढला. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती.

"आजोबा, साबण विकायला एवढ्या बायका नाचतात. तुमच्या कांद्यासाठी कोण नाचतं?"

"आम्हीच नाचतो, भाव पडला का!"

"भाव कोण पाडतं? मग तुम्ही तेव्हा विकता कशाला? साठवून ठेवला तर सडतो का? सगळाच सडतो?"

लिलाव, व्यापारी, कांदा साठवायची चाळ समजावता समजावता आबांना घाम फुटला. शेवटी त्यांनी हात जोडले, या वेळी टीव्हीला नव्हे, खऱ्या देवांना. "सूनबाई, हिला शाळेत घालू नका. मास्तर पळून जाईल. उन्हाळ्यात माझ्याकडं धाडा, लिलाव दाखवतो. व्यापाऱ्यांना विचारू दे काय ते!"

मोहिनीला इतका आनंद झाला की तिने सगळ्यांच्या हातावर दोनदोनदा खोबरं ठेवलं.

तोवर मालिकेतली सून बॅग घेऊन दाराशी पोचली होती. आबांची खुर्चीही टीव्हीजवळ सरकली होती. तेवढ्यात तृप्तीने बटण दाबलं.

"तास संपला."

"अगं थांब! ती घर सोडती का नाय?"

शालूची घडी घालता घालता तृप्ती लाडाने म्हणाली, "तुम्हीच शोधून काढा बरं!"